बीटल्सच्या आधीची चार वर्षं: न्यू यॉर्क, डेट्रॉइट की नॅशव्हिल?

बीटल्स पाठ झाले, आता त्यांच्याही मागे जायचंय, असं म्हणणारं कुणी ना कुणी भेटतं. दुसरे भेटतात ते घरातल्या एखाद्या ऐंशीच्या घरातल्या काकांना किंवा मावशीला त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतली इंग्रजी गाणी भेट द्यायची म्हणून विचारणारे. प्रश्न दोघांचा एकच: १९६० ते १९६३ मधली अमेरिकन पॉप गाणी ऐकायची, तर सुरुवात कुठून करायची? ढीग मोठा आहे आणि त्यात भुसा भरपूर आहे. म्हणून हा आढावा.

या चार वर्षांबद्दल एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते: रॉक अँड रोलचे मोठे गायक एकेक करून बाजूला झाले. एल्विस मार्च १९५८ मध्ये सैन्यात गेला. ३ फेब्रुवारी १९५९ ला बडी हॉली विमान अपघातात गेला. लिटल रिचर्ड त्याआधीच धर्मकार्याला लागला होता आणि चक बेरीच्या मागे कोर्टकचेरी लागून तो पुढे तुरुंगात गेला. मग केस चापून बसवलेली गोंडस पोरं टीव्हीवर आली, गुळगुळीत गाणी म्हणू लागली, आणि ७ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स न्यू यॉर्कच्या विमानतळावर उतरेपर्यंत सगळा दुष्काळ होता! गोंडस पोरांचं खरं आहे, दुष्काळाचं नाही. बीटल्सच्या पहिल्या दोन एलपी काढून बघा. पहिलीवर शिरेल्स या अमेरिकन मुलींच्या गटाची दोन गाणी आणि कुकीज या तशाच गटाचं एक, दुसरीवर डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची तीन. ज्यांनी हा काळ संपवला, तेच त्याचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक होते.

तेव्हाचा माल मुख्यतः तीन गावांतून येत होता: न्यू यॉर्क, डेट्रॉइट आणि नॅशव्हिल. माझं मत आधीच सांगून टाकतो. सुरुवात न्यू यॉर्कपासून करा. न्यू यॉर्कचा हाच बहराचा काळ होता. डेट्रॉइटचं खरं पीक १९६४ नंतर आलं आणि नॅशव्हिलचं या काळातलं पॉप दोन-तीन असामान्य गळ्यांवर उभं आहे. पण तुमचा कान वेगळा असू शकतो, म्हणून तिन्ही ठिकाणी नेमकं काय मिळतं ते पाहू.

न्यू यॉर्क: शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची

सगळे ‘ब्रिल बिल्डिंग’ म्हणतात, म्हणजे १६१९, ब्रॉडवे. पण ज्या तरुण जोड्यांमुळे हे नाव झालं, त्यांतल्या बऱ्याच जणांचा मुक्काम जवळच्याच १६५० क्रमांकाच्या इमारतीत होता. तिथे अल नेव्हिन्स आणि डॉन कर्शनर यांची ‘अल्डन म्युझिक’ ही कंपनी होती. छोट्या छोट्या खोल्या, प्रत्येकीत एक पियानो आणि त्यावर बसलेली विशीतली जोडपी: कॅरोल किंग आणि जेरी गॉफिन, बॅरी मॅन आणि सिंथिया वाइल. नवराबायको संसारही करत होते आणि गाणीही. गाणं झालं की ते कुणी गायचं, वाद्यमेळ कुणी बांधायचा, हे दुसरेच ठरवत.

मराठी कानाला ही पद्धत मुळीच परकी वाटायला नको. पी. सावळाराम आणि वसंत प्रभू आठवा: शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा. मुंबईच्या सिनेसंगीतातही तेच होतं, आणि तिथला वाद्यमेळ लिहून काढणारे पुष्कळसे संयोजक गोव्याचे होते. त्यामुळे ‘गाणाऱ्यानेच गाणं लिहिलं पाहिजे, नाहीतर ते खोटं’ हा बीटल्स आणि बॉब डिलननंतर पक्का झालेला आग्रह आपण इथे बाजूला ठेवू शकतो. तो ठेवला की न्यू यॉर्कची गाणी एकदम खुलतात.

पहिलं ऐकायचं ते शिरेल्सचं ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’. न्यू जर्सीतल्या पॅसेइक गावच्या चार शाळकरी मैत्रिणींचा हा गट. शब्द गॉफिनचे आणि चाल किंगची, तेव्हा ती जेमतेम अठरा वर्षांची होती. मुख्य गळा असलेल्या शर्ली ओवेन्सला हे गाणं सुरुवातीला नको होतं, फार ‘कंट्री’, म्हणजे अमेरिकन गावाकडच्या ढंगाचं, वाटतं म्हणे. मग व्हायोलिन-चेलोंचा मेळ आला आणि त्याचा नूरच पालटला. जानेवारी १९६१ च्या अखेरीस ते ‘बिलबोर्ड हॉट १००’ या लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकन यादीत पहिलं आलं. कृष्णवर्णीय मुलींच्या गटाने या यादीत पहिला क्रमांक मिळवण्याची ही पहिली वेळ.

हे गाणं थोर का, ते सांगायला हवं. एक मुलगी रात्रीच्या वेळी एका मुलाला विचारते आहे की उद्याही तुझं प्रेम असेल ना? बस. रडारड नाही, उपदेश नाही, उत्तरही नाही. १९६० साली रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यात हे विचारणं धाडसाचं होतं. ओवेन्स ते शेजारणीशी बोलावं इतक्या साध्या आवाजात गाते आणि मागे चेलो मात्र अस्वस्थपणे धावत राहतात. गाण्यातली भीती तिच्या गळ्यात नाही, ती त्या चेलोंत आहे. असं संयोजन आजही क्वचित ऐकू येतं.

त्यानंतर ड्रिफ्टर्स हा गट. ‘सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी’ ऑक्टोबर १९६० मध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. शब्द डॉक पोमस यांचे आणि चाल मॉर्ट शूमन यांची. पोमस यांना लहानपणी पोलिओ झालेला, चालायचे ते कुबड्यांवर. स्वतःच्या लग्नात बायको इतरांबरोबर नाचत होती आणि ते बसून पाहत होते. पुढे ते सगळं या शब्दांत उतरलं, आणि काही ओळी तर त्यांनी लग्नाच्या उरलेल्या निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहिल्या. हे माहीत नसताना गाणं नुसतं गोड लॅटिन ठेक्यावरचं वाटतं. कळल्यावर त्यातला ‘नाच खुशाल, पण शेवटचा माझ्यासाठी ठेव’ हा दिलदारपणा जरा वेगळाच ऐकू येतो. गायलंय गटाचा मुख्य गळा असलेल्या बेन ई. किंगने. त्याचं स्वतःचं ‘स्टँड बाय मी’ पुढच्याच वर्षीचं.

न्यू यॉर्कच्या मालात भुसा नाही का? आहे, पोत्यांनी. चाल जमली की तिच्यासारख्या आणखी पाच काढायच्या, ही तिथली रीत. तिथल्याच नील सेडाका या गायक-संगीतकाराची गाणी एका बैठकीत चारच्या वर ऐकवत नाहीत. ‘द लोकोमोशन’ मात्र सोडू नका. किंग-गॉफिनच्या मुलीला सांभाळायला येणाऱ्या ईव्हा बॉइडने ते गायलं आणि ऑगस्ट १९६२ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. मूर्खपणाचं गाणं आहे, पण चोख बनवलेलं.

डेट्रॉइट: कारखान्याची शिस्त, अजून न सुकलेला रंग

बेरी गॉर्डी काही काळ मोटारींच्या कारखान्यात जोडणीच्या पट्ट्यावर काम करत होते. जानेवारी १९५९ मध्ये घरच्यांच्या सामायिक निधीतून ८०० डॉलर उसने घेऊन त्यांनी कंपनी काढली, तीच पुढे मोटाउन झाली. २६४८, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड हे साधं घर. दारावर पाटी ‘हिट्सव्हिल यू.एस.ए.’. मागच्या बाजूला स्टुडिओ. न्यू यॉर्कमध्ये कवी, संगीतकार, कंपनी, गायक हे सगळे वेगवेगळ्या पत्त्यांवर, इथे सगळे एकाच छताखाली. वाजवणारेही तेच: बासवर जेम्स जेमरसन, ड्रमवर बेनी बेंजामिन. कोणतं गाणं बाजारात जायचं, हे ठरवायला बैठका होत आणि तिथे गाण्याची चिरफाड होई.

मग मी डेट्रॉइटला दुसरा नंबर का देतो? मोटाउन म्हटल्यावर आपल्या डोक्यात जो नाद येतो, सुप्रीम्स, फोर टॉप्स, टेम्प्टेशन्स या गटांचा, तो या चार वर्षांत अजून घडायचा होता. सुप्रीम्सना तर तेव्हा कंपनीतच ‘नो-हिट सुप्रीम्स’ म्हणून चिडवत. १९६० ते ६३ मध्ये तुम्हाला मिळतो तो कच्चा मोटाउन. कुणाला तोच जास्त आवडतो आणि मी त्यांच्याशी भांडणार नाही.

फरक कानाने समजून घ्यायचा असेल तर शिरेल्सच्या गाण्याशेजारी मार्व्हलेट्सचं ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ लावा. वर्ष तेच, १९६१. गाणाऱ्या तशाच शाळेतल्या मुली, मिशिगनमधल्या इंकस्टर गावच्या. विषयही जवळचा, म्हणजे प्रियकराच्या मनाची खात्री नाही. पण शिरेल्स विचारतात आणि मार्व्हलेट्स मागतात. इथे व्हायोलिनं नाहीत. टाळ्या, ड्रम आणि ग्लॅडिस हॉर्टनचा किंचित घोगरा, घाई झालेला आवाज. ड्रम वाजवलाय तेव्हा फारसं नाव न झालेल्या मार्व्हिन गेने. गीतकारांच्या यादीतले फ्रेडी गोरमन खरोखरच पोस्टमन होते, टपाल वाटता वाटता गाणी लिहायचे! डिसेंबर १९६१ मध्ये ते मोटाउनचं हॉट १०० मधलं पहिलं अव्वल गाणं ठरलं. एका गाण्यावर तुम्ही खुर्चीत मागे टेकता आणि दुसऱ्यावर पुढे सरकता. यातली कोणती हालचाल तुम्हाला हवी आहे, एवढाच खरा प्रश्न.

मिरॅकल्सचं ‘शॉप अराउंड’ आणि ‘यू हॅव रिअली गॉट अ होल्ड ऑन मी’ ही दोन्ही घ्या. त्यांचा मुख्य गायक स्मोकी रॉबिन्सनचा तो पातळ, वर चढणारा आवाज काहींना पहिल्यांदा बायकी वाटतो, तिसऱ्यांदा ऐकल्यावर सुटत नाही. मार्था अँड द व्हँडेलासचं १९६३ चं ‘हीट वेव्ह’ घ्या, त्यात पुढच्या मोटाउनची चाहूल आहे. आणि लिटल स्टीव्ही वंडरचं ‘फिंगरटिप्स’, शिकागोतल्या जाहीर कार्यक्रमात टिपलेलं. १९६३ मध्ये ते पहिलं आलं तेव्हा पोरगा तेरा वर्षांचा होता. गाणं म्हणून ते फार काही नाही. कार्यक्रम संपला असं वाटत असताना तो पुन्हा सुरू होतो आणि मागे वादकांची पळापळ ऐकू येते, मजा त्यात आहे.

नॅशव्हिल: गळा, फक्त गळा

शास्त्रीय किंवा नाट्यसंगीत ऐकत मोठे झालेल्यांनी कदाचित माझा क्रम उलटा करावा आणि इथूनच सुरू करावं.

नॅशव्हिल हे कंट्री संगीताचं गाव. चेट अॅटकिन्स, ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस त्यातली फिडल आणि स्टील गिटार मागे सारली, मऊ कोरस आणि व्हायोलिनं पुढे आणली. कट्टर कंट्रीवाले अजून नाकं मुरडतात. पण या मऊ गादीवर काही गळे असे काही उठून दिसले की तक्रार टिकत नाही.

रॉय ऑर्बिसनचं ‘रनिंग स्केअर्ड’ (१९६१) हे या सगळ्या काळातलं रचनेच्या दृष्टीने सगळ्यात विलक्षण गाणं आहे. त्याला ध्रुवपदच नाही. बोलेरो या स्पॅनिश नाचाच्या धिम्या ठेक्यावर ते पायरी पायरीने चढतं, एकदाही मागे फिरत नाही, आणि अगदी शेवटच्या स्वरावर फुटतं. तो शेवटचा स्वर ऑर्बिसनने आधी खोट्या आवाजात लावला होता. वाद्यमेळात तो बुडायला लागला, तेव्हा त्याने तोच स्वर भरल्या गळ्याने लावला, आणि ऐकणारे थक्क झाले. सव्वादोन मिनिटांच्या आत सगळा खेळ. ‘ओन्ली द लोन्ली’ आणि ‘क्राइंग’ त्याच ताकदीची.

पॅट्सी क्लाइनचं ‘क्रेझी’ विली नेल्सनने लिहिलं. ती नुकतीच मोटार अपघातातून उठली होती. बरगड्या दुखत असल्याने वरचे स्वर लागेनात, म्हणून वाद्यं आधी टिपून ठेवली आणि काही आठवड्यांनी येऊन तिने गाणं गायलं. ते गायलंय शब्दांच्या जरा मागे रेंगाळत, ठेक्याला हात न लावता. ५ मार्च १९६३ ला तीही विमान अपघातात गेली. ब्रेंडा ली आणि एव्हर्ली बंधू हेही इथलेच. एव्हर्लींचं ‘कॅथीज क्लाउन’ ऐकल्यावर बीटल्सची दोन आवाजांची जोडणी कुठून आली ते वेगळं सांगावं लागत नाही.

नॅशव्हिलची अडचण अशी की या चार-पाच नावांच्या पुढे गेलात की पॉपचा रस्ता संपतो आणि कंट्रीचा सुरू होतो. तो तुम्हाला हवा असेलच असं नाही.

आणि फिल स्पेक्टर

हा निर्माता कुठल्याच खान्यात बसत नाही. गाणी न्यू यॉर्कच्या जोड्यांची, पण ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या ‘गोल्ड स्टार’ स्टुडिओत. एका खोलीत तीन-तीन गिटार, दोन-तीन पियानो, ढीगभर तालवाद्यं एकदम वाजवायची आणि तो सगळा गडगडाट प्रतिध्वनीच्या खोलीतून फिरवून आणायचा. रोनेट्सचं ‘बी माय बेबी’ (१९६३) हे त्याचं शिखर, हॅल ब्लेनच्या ड्रमच्या त्या पहिल्या चार ठोक्यांसकट. ‘ही इज अ रेबेल’ क्रिस्टल्सच्या नावाने पहिलं आलं, पण क्रिस्टल्स तेव्हा न्यू यॉर्कला होत्या. गायलंय डार्लिन लव्हने, आणि तिचं नाव रेकॉर्डवर कुठेच नाही. माणूस म्हणून स्पेक्टर भयंकर होता. रोनेट्सची मुख्य गायिका आणि पुढे त्याची बायको झालेल्या रॉनी स्पेक्टरने लग्नानंतरच्या छळाबद्दल लिहून ठेवलंय, आणि २००९ मध्ये तो लाना क्लार्कसन या अभिनेत्रीच्या खुनाबद्दल दोषी ठरला. ज्यांना यामुळे ही गाणी नकोशी होतात त्यांचं मी समजू शकतो. मी ती रॉनीची आणि डार्लिनची गाणी म्हणून ऐकतो.

बाकीचं झटपट. कॅलिफोर्नियाचं सर्फ संगीत उन्हाळ्यात मोटारीत ऐकायला छान. बीच बॉइजचं मोठं काम मात्र नंतरचं. इंग्लंडमधून ‘शॅडोज’चं ‘अपाचे’ आणि ‘टॉर्नेडोज’चं ‘टेलस्टार’ ही दोन गिटार-ऑर्गनची शब्दांवाचूनची गाणी पुरेत. क्लिफ रिचर्ड लखनौत जन्मलेला, आपल्याकडच्या त्या पिढीत त्याचे चाहते भरपूर. काकांसाठी घेत असाल तर तो हवाच, स्वतःसाठी असेल तर वगळा. चबी चेकरचं ‘द ट्विस्ट’ सप्टेंबर १९६० मध्ये आणि पुन्हा जानेवारी १९६२ मध्ये, असं दोनदा पहिलं आलं. त्याच्याच ‘लेट्स ट्विस्ट अगेन’ची सावली आपण १९६५ च्या ‘भूत बंगला’मध्ये मन्ना डे यांच्या आवाजात ऐकली आहे, त्यामुळे भेटीच्या संचात तेही ठेवा. डेल शॅननचं ‘रनअवे’ कुठल्याही यादीत असावंच, मधल्या त्या किंचाळणाऱ्या विजेच्या वाद्यासाठी.

काय घ्यायचं, काय टाळायचं

गाणी ठरली तरी अर्धं काम उरतं, कारण या काळाच्या गाण्यांत फसगत फार होते.

पहिली फसगत पुनर्ध्वनिमुद्रणाची. गायकांचं पहिल्या कंपनीशी बिनसलं, की ते तीच गाणी दुसरीकडे पुन्हा गात. एव्हर्ली बंधूंनी आपली ‘केडन्स’ कंपनीतली गाणी १९६४ मध्ये ‘वॉर्नर’साठी पुन्हा गायली. ऑर्बिसनचा १९८७ चा ‘इन ड्रीम्स’ नावाचा संग्रह पूर्णपणे नव्याने गायलेला आहे. गळा शाबूत आहे, पण खोली वेगळी, वाद्यं वेगळी. त्याचं मूळ हवं तर ‘मॉन्युमेंट’ कंपनीचं नाव शोधा. चबी चेकरच्या बाबतीत तर ‘कॅमिओ-पार्कवे’चा मूळ साठा २००५ पर्यंत सीडीवर रीतसर आलाच नव्हता, म्हणून जुन्या सीडींवर सर्रास नंतरची आवृत्ती मिळते. स्ट्रीमिंगवर गाण्याच्या नावापुढे ‘री-रेकॉर्डेड’ असं बारीक अक्षरांत असतं किंवा नसतंही. वाद्यं फारच स्वच्छ, ड्रम फारच जाडा वाटला, तर ते १९६१ नव्हे.

दुसरी गोष्ट मोनो (सगळा आवाज एकत्र) की स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा). निर्विवाद मोनो. ही गाणी खिशातल्या ट्रान्झिस्टरसाठी आणि मोटारीतल्या रेडिओसाठी घडवली होती. मोटाउनमध्ये तर मिश्रण मोटारीच्या रेडिओएवढ्या छोट्या स्पीकरवर वाजवून पाहत. त्या काळच्या कित्येक स्टिरिओ आवृत्त्यांत गळा एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात असतात, आणि हेडफोन लावला की डोकं दुखतं. स्पेक्टरच्या गाण्यांना स्टिरिओत काही अर्थच उरत नाही, तो गडगडाट सुटा केला की नुसती गर्दी दिसते.

तिसरं, जुन्या तबकड्या. चोरबाजारात अजून काही मिळतं, कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात छापलेल्या प्रतीही. हौस म्हणून जरूर घ्या. पण घरगुती जड पिनेखाली घासून त्यांचा वरचा स्वर बहुधा गेलेला असतो. शिवाय अमेरिकेतून आलेल्या, मिनिटाला ४५ फेऱ्या घेणाऱ्या छोट्या तबकडीचं मधलं भोक मोठं असतं, त्यासाठी चकती वेगळी घ्यावी लागते. ऐकण्यासाठी म्हणाल तर सीडी किंवा चांगलं स्ट्रीमिंगच बरं. सीडीत इंग्लंडच्या ‘एस (Ace) रेकॉर्ड्स’चं संकलन डोळे मिटून घ्यावं, आणि डेट्रॉइटवाल्यांनी ‘द कम्प्लीट मोटाउन सिंगल्स’चे पहिले तीन खंड शोधावेत.

स्वस्तातले युरोपीय संच घ्यायचे की नाही? घ्या, पण एक सीमारेषा लक्षात ठेवून. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी ५० वर्षांचा होता, २०१३ मध्ये तो ७० वर्षांचा झाला. त्याआधी हक्क संपलेली गाणी मात्र मोकळीच राहिली. म्हणून त्या संचांची यादी १९६२ ला येऊन थांबते. शिरेल्स, ड्रिफ्टर्स, मार्व्हलेट्स आणि ऑर्बिसनची १९६२ पर्यंतची गाणी त्यांत थोड्या पैशांत मिळून जातील. ‘बी माय बेबी’ आणि ‘हीट वेव्ह’ मात्र मूळ कंपनीकडूनच वेगळी घ्यावी लागतील.